फसलेल्यांची पंगत

बाईंच्या अंबाड्यात थर्मामीटर असायचा. काचेचा, पाऱ्याचा, चांगला लांब. इतर बायका जिथे आकडा खोचतात तिथे त्या तो खोचायच्या आणि मग प्रयोगशाळाभर शोधत फिरायच्या. "अरे, माझा थर्मामीटर कुणी उचलला?" विद्यार्थी गंभीर चेहऱ्यानं टेबलांखाली वाकायचे, कपाटं उघडून बघायचे. सांगायचं कुणीच नाही. तो त्यांचा रोजचा आनंद होता. मी नवा होतो, मला राहवलं नाही आणि मी सांगून टाकलं. बाईंनी अंबाड्याला हात लावला, थर्मामीटर उपसला आणि उजेडात धरून पारा बघितला.

"डोकं ठीक आहे माझं," त्या म्हणाल्या.

"सॉरी बाई," मी म्हणालो.

"कशाबद्दल? सापडला म्हणून?"

आमची ओळख झाली ती अशी. पुढे जितकी वर्षं बरोबर काम केलं तितकी वर्षं त्या माझ्या माफ्यांच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. "तू सकाळी उठल्यावर सूर्याचीसुद्धा माफी मागतोस काय रे? ऊन घेतलं म्हणून?"

खोटं कशाला सांगू, माझी तशीच गत आहे. ही सवय मला वडिलांकडून आली. वडील, म्हणजे आमचे दादा, सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. कुलूप लावून निघाले की अर्ध्या वाटेवरून परत येऊन ते ओढून बघायचे. एसटीत कंडक्टरकडे सुटे पैसे नसले तर ओशाळायचे हेच. त्यांच्या हातून कधी काही बिघडलं नाही, कारण बिघडू शकेल असं काही त्यांनी हातातच घेतलं नाही. मी त्यांचा मुलगा. नोकरीसाठी बनारसला आलो आणि इथेच राहिलो. दादा गेल्यापासून आई गावाकडे एकटी राहते याचं मला वाईट वाटतं, मुलगी घरात माझ्याशी हिंदीत बोलते याचं वाटतं, आणि भाजीवाल्याशी घासाघीस केली तर संध्याकाळभर त्याचंही वाटतं.

बाईंचं घर मंगला गौरीच्या देवळाजवळ. पिढ्यान्‌पिढ्या पौरोहित्य करणारं काशीतलं मराठी घराणं. त्यांचे धाकटे भाऊ अजूनही घाटावर श्राद्धविधी चालवतात. बाई त्या घरातल्या पहिल्या, ज्यांनी दूर्वा आणि बेल पूजेच्या ताटातून उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. आमच्या विद्यापीठात त्या वनस्पतिशास्त्र शिकवत. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर, "वेळ मिळाला नाही, आणि मागून आठवण राहिली नाही," असं सांगत. त्यांच्या बोलण्यात माझ्या पणजीच्या तोंडचे शब्द असत आणि मध्येच खणखणीत बनारसी हिंदी. "इतका सोचू नकोस रे" हे तर दिवसातून कितीदा ऐकलं असेल.

माझं काम असं, की विद्यापीठात लागलेले शोध प्रबंधातच पडून राहू नयेत, बाजारात जावेत, त्यांतून एखादी कंपनी उभी राहावी म्हणून सरकार पैसे देतं, ते मिळवायचे. अर्ज करायचे, पाहणीला आलेल्या समित्यांना फिरवायचं, चहापाणी बघायचं. शास्त्रज्ञ "कदाचित" म्हणाले की मी ते "निश्चित" करून लिहायचं. त्याचंही मला वाईट वाटायचं, पण ते काम मी चांगलं करायचो.

बाईंचा शोध पानाचा होता. खायच्या पानाचा. बनारसी पान जिभेवर विरघळतं म्हणतात, पण वेलीवरून तोडलेलं पान काही विरघळत नाही. ते हिरवं आणि चिवट असतं. इथले व्यापारी ते टोपल्यांत रचून बंद खोलीत कोळशाच्या शेगडीच्या उबेत ठेवतात, मग बाहेर काढून हवा देतात, सडलेलं निवडून टाकतात, पुन्हा ठेवतात. असं पुन्हा पुन्हा केलं की पान फिकट, पांढरट, मऊ होतं. याला पान पकवणं म्हणतात. पान छान पकतं, पण आत-बाहेर करणारी माणसं धुरात राहून खोकत म्हातारी होतात. बाईंच्या घरी पूजेची पानं देणारे चौरसिया असेच गेले. बाईंनी त्यांना लहानपणापासून पाहिलेलं होतं. त्यांच्या मुलानं तीच गादी आणि तीच धुराची खोली पुढे चालवली.

"धूर नको, फक्त ऊब, ओल आणि हवा पाहिजे," बाई म्हणायच्या. त्या तशी पेटी करत होत्या. धान्याच्या कोठीएवढी, आत पत्र्याचे कप्पे, तळाशी कोमट पाणी, बाजूंना उघडझाप करणाऱ्या खिडक्या.

धाकटा चौरसिया सुरुवातीला हसायचा. "मैडम, बिना धुएँ का पान तो बिना बाराती की बारात है।"

"तुझ्या बापाला विचारलं असतं मी," बाई त्याला मराठीतच सुनवायच्या, "पण त्याला आधी खोकून घ्यावं लागलं असतं."

तो मराठी समजायचा. त्या दिवसापासून तो पानांच्या टोपल्या स्वतः आणून द्यायला लागला.

गंमत अशी, की बाई स्वतः पान खात नसत. "खाणाऱ्याला चव कळते, मला खाणारा कळायला हवा," असं त्यांचं म्हणणं. पानाच्या ठेल्यासमोर उभ्या राहून त्या लोकांचे जबडे न्याहाळायच्या. पान चिवट असलं की माणूस जरा थांबतो, मग नेटानं चावतो. चांगलं असलं की त्याचे डोळे बारीक होतात. असे डोळे बघत एक प्रौढ प्राध्यापिका अंबाड्यात थर्मामीटर खोचून उभी आहे म्हटल्यावर गिऱ्हाईक बिचकायचं. चौरसिया त्यांना सांगायचा, "खाइए, खाइए, डाक्टरनी हैं।"

पण बाईंच्या विक्षिप्तपणाची खरी जागा प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीला होती. तिथल्या फळ्यांवर त्यांच्या फसलेल्या पेट्या ओळीनं ठेवलेल्या असत. एकही त्यांनी भंगारात जाऊ दिली नव्हती, आणि प्रत्येकीला आपल्या गेलेल्या नातेवाइकांपैकी कुणाचं तरी नाव दिलं होतं, स्वभाव बघून. एक पेटी बाहेरून गार लागायची आणि आतली पानं करपून जायची, ती बापूकाका. एक उघडेपर्यंत सगळं ठीक वाटायचं आणि झाकण काढलं की वास, ती कुसुमआत्या. जिला वारा सोसत नव्हता आणि म्हणून जिच्यात पानं बुरसली, ते नानाआजोबा.

आणि दर सर्वपित्री अमावास्येला त्या या सगळ्यांना जेवायला घालत.

पहिल्या वर्षी मला नुसता निरोप होता, "दुपारी जेवायला ये, प्रयोगशाळेत." गेलो तर फळ्यांवरच्या पेट्या जमिनीवर पंगतीत मांडलेल्या, प्रत्येकीसमोर पत्रावळ. तांदळाची खीर, उडदाचे वडे, कढी, भोपळ्याची भाजी. विद्यार्थी वाढत होते. मी दारातच उभा राहिलो. बाईंचे एक भाऊ आधीच आलेले होते आणि संतापले होते.

"ताई, ही थट्टा आहे! तिकडे माणसं गावोगावाहून येतात, रडतात, आणि तू इथे खोक्यांना खीर वाढतेस?"

"थट्टा कुणाची करते मी? तू सांगतोस ना लोकांना, की जे गेले त्यांच्यामुळे आपण आहोत? माझी आजची पेटी कुणामुळे आहे?"

"बापूकाकांचं नाव करपलेल्या डब्याला?"

"बापूकाका कसे होते, तू सांग."

भाऊंना ओठ दाबूनही हसू आलंच. "होते तसेच," ते म्हणाले, आणि बसून जेवले. वडे दोनदा मागून घेतले.

त्या जेवणात बाईंनी मला एक गोष्ट सांगितली होती. "या पंगतीत दरवर्षी एक तरी नवीन पत्रावळ लागली पाहिजे. ज्या वर्षी नवीन कुणी आलं नाही त्या वर्षी समजायचं, आपण हातावर हात ठेवून बसलो." मी मान डोलावली. घरी येऊन झोपताना वाटलं, दादांच्या घरात अशी पंगत कधी बसलीच नसती.

बाई ज्या डिसेंबरात निवृत्त होणार होत्या त्याच्या आधीच्या भादव्यातली गोष्ट. पेटी आता जमली होती. तिला कुणाचंही नाव नव्हतं. जिवंत माणसाचं श्राद्ध करत नाहीत, तसंच. पण डिसेंबरनंतर प्रयोगशाळा दुसऱ्याकडे जाणार होती. त्याआधी निधी मिळाला तर बाईंचे विद्यार्थी आणि चौरसिया मिळून कंपनी काढणार होते. नाही मिळाला तर पेटी भंगाराच्या खोलीत जाणार होती आणि चौरसियाच्या खोलीतली शेगडी तशीच धुमसत राहणार होती. म्हणून दिल्लीहून समिती येणार असं कळलं तेव्हा मला आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली.

मी कार्यक्रम आखला. भाषण नाही, आकडे नाहीत, सरळ चव. चौरसिया दोन प्रकारचे विडे लावणार, एक कोळशाच्या उबेतला, एक पेटीतला. समितीनं खायचे आणि ओळखायचं. ओळखता आलं नाही की आम्ही जिंकलो. बाईंना ते पसंत पडलं. पडद्यावर चित्रं दाखवायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. "मी बोलेन तेव्हा माझ्यामागे भिंत असू दे. भिंत मध्ये बोलत नाही." मागच्या फळ्या मी सकाळीच विद्यापीठाच्या मोठ्या बॅनरनं झाकून टाकल्या. पैसे देणाऱ्याला फसलेलं काही दाखवायचं नाही, हा आमच्या कचेरीचा पहिला नियम. बाईंनी बॅनरकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

गाडी आली. अध्यक्षसाहेब उतरले. डोक्याचा ताजा गोटा, कपाळाला गंध, अंगावर कोरा पांढरा कुर्ता. बाई पायरीवरच थबकल्या.

तारीख दिल्लीहूनच ठरून आली होती. पितृपक्षात दिल्लीच्या साहेबांना काशीत कामं निघतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. साहेबांनी सकाळी घाटावर वडिलांचं पिंडदान केलं होतं आणि दुपारी आमच्याकडे आले होते. श्राद्ध करणाऱ्यानं त्या दिवशी विडा खायचा नसतो.

चौरसिया इस्त्रीचा कुर्ता घालून, ओल्या लाल फडक्यानं झाकलेलं तबक घेऊन पुढे झाला. साहेबांनी नम्रपणे हात जोडले. "आज तो नहीं खा पाऊँगा। सवेरे पिताजी का काम करके आया हूँ।" बाकीचे दोन सदस्य चांगले पान खाणारे दिसत होते, एकाचे तर दातच सांगत होते, पण अध्यक्ष नाही म्हटल्यावर त्यांनीही हात जोडले.

"अब का होई, मैडम?" चौरसिया कुजबुजला.

बाई माझ्या कानाशी आल्या. "पुरोहिताची पोर मी! पितृपक्षात लोकांना पान खायला बोलावलं. बाबा असते तर कान उपटला असता."

"चूक माझी आहे बाई, मीच बघायला—"

"गप. दुसऱ्याची चूकही तुलाच पाहिजे का? थोडी मला ठेव."

मग त्या वळल्या, सरळ मागच्या भिंतीपर्यंत गेल्या आणि बॅनरची दोरी ओढली. विद्यापीठाचं नाव खाली कोसळलं आणि मागून धुळकट, करपलेल्या, गंजलेल्या पेट्यांची रांग उघडी पडली.

"साहब," बाई म्हणाल्या, "आप अपने पितरों से मिलकर आए हैं। अब हमारे पितरों से भी मिल लीजिए।"

आणि त्यांनी ओळख करून द्यायला सुरुवात केली. ही कुसुमआत्या, हिच्या तोंडावर जाऊ नका. हे नानाआजोबा, पंखा लावला की शाल मागायचे. कोण कशानं गेलं, कोणी किती टोपल्या नासवल्या, सगळं. एक सदस्य हसू दाबत होता, दुसरा घड्याळ बघत होता. मी खाली पडलेलं बॅनर गोळा करत होतो, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. साहेब मात्र हसले नाहीत. ते प्रत्येक पेटीसमोर थोडं थांबत पुढे सरकत होते, सकाळी घाटावर थांबले असतील तसे.

"इनमें सबसे ज्यादा किसने सिखाया?" त्यांनी विचारलं.

"बापूकाकांनी," बाई पटकन मराठीत बोलून गेल्या, मग हिंदीत सांगू लागल्या. बापूकाका पेटीला बाहेरून बेताचीच ऊब दिली होती, तरी मधली पानं करपत होती. कितीतरी दिवस बाईंना कारण कळेना. शेवटी थर्मामीटर थेट पानांच्या थप्पीत खुपसला तेव्हा दिसलं, की रचून ठेवलेली पानं स्वतःच गरम होतात. तोडलेलं पान मेलेलं नसतं, ते श्वास घेत असतं, आणि त्या श्वासाची ऊब असते. म्हणजे बाहेरून सतत शेकायची गरजच नव्हती. सुरुवातीला थोडी ऊब द्यायची आणि मग हात आखडता घ्यायचा. पुढचं काम पानं करतात.

"आपसे भी उतना ही माँग रही हूँ," बाई म्हणाल्या. "बस, शुरू की गरमी।"

साहेबांनी बापूकाकांच्या करपलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"पिताजी ने एक दुकान खोली थी," ते थोड्या वेळानं म्हणाले. "चली नहीं। घर में फिर कभी किसी ने उसका नाम नहीं लिया।" मग ते चौरसियाकडे वळले. "दोनों पान बाँध दीजिए। बताइएगा मत कौन सा कौन है। कल दिल्ली में खाऊँगा।"

दोन दिवसांनी त्यांचा मला फोन आला. दिल्लीपर्यंत पानांच्या कडा काळ्या पडल्या होत्या, पण त्यांनी खाल्ली होती. कोळशाचं कुठलं ते त्यांना ओळखता आलं नव्हतं. बाईंना सांगितलं तर त्यांनी पहिलं वाक्य धरून ठेवलं. "कडा काळ्या पडल्या? किती? आतून की बाहेरून?"

निधी मंजूर झाला. मागितला होता तेवढा नाही, आणि उरलेला काम बघून देऊ असं होतं. पण नोव्हेंबरात झाला. बाई डिसेंबरात निवृत्त झाल्या आणि भाचीकडे इंदूरला राहायला गेल्या. निरोपाच्या सभेत त्यांनी भाषण केलं नाही. अंबाड्यातला थर्मामीटर काढून धाकट्या चौरसियाला दिला आणि खाली उतरल्या. अंबाडा मात्र सुटला; सभेला तेवढंच आठवतं.

कंपनी आता दोन खोल्यांत चालते. पेट्या काही व्यापाऱ्यांकडे गेल्या आहेत, काही परतही आल्या आहेत. चौरसियाच्या जुन्या खोलीत शेगडी नाही. तिथे त्याची आई दुपारची झोपते.

साहेबांच्या फोनमधलं ते वाक्य, काळ्या पडलेल्या कडांचं, माझ्या मनातून गेलं नव्हतं. पान पकलं तरी ते लांबवर पोहोचत नाही. या उन्हाळ्यात मी एक गोष्ट केली. कुणी सांगितलं नव्हतं, माझ्या कामातही ती बसत नव्हती. पानं ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्याला भोकं पाडून, मध्ये केळीच्या पानाचे थर देऊन मी एक पार्सल बांधलं आणि आईला गावाकडे पाठवलं. रोज संध्याकाळी मी बांधणी बदलून बदलून बघितली होती. पार्सल निघालं तेव्हा मला लहान मुलासारखं झालं होतं.

चौथ्या दिवशी आईचा फोन. "अरे, पानं कसली, काळं पोतेरं आलंय. पण वास छान आहे हं. शेजारच्या काकूंना दाखवलं, म्हटलं माझ्या मुलानं स्वतः केलंय." मग, जरा थांबून, "आणखी पाठवणार आहेस का?"

तिनं डबा परत पाठवला.

यंदाच्या सर्वपित्रीला पंगत कंपनीच्या खोलीत बसली. बापूकाका, कुसुमआत्या, नानाआजोबा, परत आलेल्या पेट्या, सगळे. वाढणं सुरू असताना इंदूरहून बाईंचा फोन आला. दरवर्षी येतो.

"यंदा नवीन कोण?"

मी सांगितलं. भोकं किती मोठी होती, फडकं किती ओलं होतं, पार्सल कुठे अडकलं असेल, हे सगळं त्यांनी खोदून खोदून विचारलं. मग म्हणाल्या, "नाव काय ठेवलंस?"

"दादा."

"तुझे वडील? ते तर काही बिघडवत नव्हते म्हणालास."

"म्हणूनच," मी म्हणालो.

"त्यांना खीर जास्त वाढ," बाई म्हणाल्या. "आणि पुढचं पार्सल?"

"घटस्थापनेला पाठवतोय. या वेळी फडकं पिळून घेणार."

"एक मलाही पाठव."

"काळं पडलं तर, बाई?"

"तर पुढच्या वर्षी माझ्या नावाचीही एक पत्रावळ लाव. जिवंतपणीच."

फोन ठेवून मी आईकडून परत आलेल्या डब्यासमोर खीर वाढली, जास्तच. चौरसिया तबक घेऊन आला. विडा श्राद्ध करणाऱ्याला चालत नाही, पितरांना चालतो. तो प्रत्येक पेटीसमोर एक विडा ठेवत होता. डब्यापाशी येऊन थांबला.

"ई नए वाले कौन हैं?"

"हमारे पिताजी," मी म्हणालो.

त्यानं तबक खाली ठेवलं, डब्याला हात जोडले, आणि तबकातला सगळ्यात पांढरा, सगळ्यात मऊ विडा निवडून त्याच्यासमोर ठेवला. दादांनी आयुष्यात कधी पान खाल्लं नव्हतं. सदऱ्यावर डाग पडेल म्हणून.